पहाटेपुरती वाढीव रेस

आपल्या समाजातील कित्येक जुन्या पेढ्यांच्या मागील अंगणात, वखारीच्या कडेला किंवा बंगल्याच्या पोर्चमध्ये आजोबांच्या काळातील एखादी मोटार अद्याप उभी असते. मॉरिस मायनर असेल, ऑस्टिन असेल, क्वचित एखादी एमजी. ती विकण्यास घरातील कोणी धजत नाही आणि रोज रस्त्यावर काढण्यासही कोणी धजत नाही. दिवाळीच्या वहीपूजनाला, महावीर जयंतीच्या वरघोड्याला, नातवाच्या लग्नात नवरदेवाला आणण्यासाठी, अशी वर्षातून दहा-बारा वेळा ती बाहेर निघते. त्यातही पुणे-नाशिककडील डिसेंबर-जानेवारीची पहाट असेल तर तिची खरी परीक्षा होते. चोक ओढला जातो, स्टार्टर फिरतो, इंजिन पेटते, चार-सहा सेकंद धडपडते आणि बंद पडते. पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बॅटरी थकते आणि जमलेल्या मंडळींना बाह्या सरसावून ढकलावे लागते.

यावर घरोघरी एकच उपाय रूढ आहे. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो, कार्बोरेटरच्या बाजूचा एक स्क्रू अर्धा-पाऊण फेरा आवळतो. रेस वाढते, गाडी बंद पडायची थांबते, सर्वांना समाधान वाटते. मात्र ऊन चढल्यावर, इंजिन तापल्यावर तीच गाडी सिग्नलला उभी असताना विनाकारण घरघरत राहते, गिअर टाकताना दाताशी दात घासल्याचा आवाज येतो, उतारावर एक्सिलेटर सोडला तरी ती पुढे रेटत राहते आणि पेट्रोलचा काटा नेहमीपेक्षा लवकर खाली येतो. पहाटेच्या पाच मिनिटांची अडचण भागवण्यासाठी दिवसभराचा खर्च पदरी पडतो तो असा.

याचे कारण बहुधा इतकेच असते की मिस्त्रीने फिरवलेला स्क्रू चुकीचा असतो. जुन्या इंग्रजी गाड्यांवर सर्रास आढळणाऱ्या एसयू कार्बोरेटरच्या एचएस जातीत थ्रॉटलच्या दांड्यापाशी जवळजवळ दोन छोटे स्क्रू असतात. दोन्ही स्प्रिंगवर बसवलेले, दोन्ही दिसायला सारखे आणि दोन्ही आवळले की रेस वाढतेच. परंतु त्यांचे काम वेगळे आहे. पहिला स्लो रेसचा, म्हणजे इंजिन तापलेले असताना एक्सिलेटरवर पाय नसेल तेव्हा ते किती वेगाने फिरावे हे ठरवणारा. तो कायम लागू असतो. दुसरा फास्ट आयडलचा. चोक ओढलेला आहे तेवढ्या वेळापुरतीच थ्रॉटलची झडप किंचित अधिक उघडी ठेवणे हे त्याचे काम. चोक आत ढकलला की तो बाजूला होतो आणि इंजिनाशी त्याचा काही संबंध उरत नाही, निदान उरता कामा नये.

व्यापारी घराण्यांना हा भेद फार समजावून सांगण्याची गरज नसावी. हंगामात माल भरण्यासाठी बँकेकडून दोन महिन्यांपुरती घेतलेली वाढीव उचल आणि कायमची कॅश क्रेडिटची मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हंगामी गरज कायमच्या मर्यादेत मिसळून टाकली की व्याज बाराही महिने चालू राहते, आणि मुख्य म्हणजे धंद्यात मूळ तूट कोठे आहे ते दिसेनासे होते. स्लो रेसचा स्क्रू आवळून थंड इंजिन चालते ठेवणे हा त्यातलाच प्रकार होय.

थंड इंजिनाला ही हंगामी मदत लागते तरी का? पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. वजनाने पाहता एक भाग पेट्रोलाला सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. इंजिन गार असताना कार्बोरेटरमधून निघालेल्या पेट्रोलाचा बराचसा अंश मॅनिफोल्डच्या थंड भिंतींवर थेंबांच्या रूपाने चिकटून राहतो आणि सिलिंडरपर्यंत पोहोचते ते मिश्रण फारच विरळ असते. म्हणून चोक ओढून पेट्रोलाचे प्रमाण मुद्दाम वाढवावे लागते. पण एवढ्याने भागत नाही. रात्रभर गार पडलेले इंजिन ऑइल घट्ट झालेले असते, सर्व फिरते भाग जड झालेले असतात. तापलेल्या इंजिनाला नुसते फिरत राहण्यासाठी जितकी हवा पुरते तितक्या हवेवर गारठलेले इंजिन स्वतःचेच ओझे ओढू शकत नाही. त्याला पेट्रोलाबरोबर थोडी अधिक हवाही हवी. पेट्रोल वाढवण्याचे काम चोक करतो. हवा वाढवण्याचे काम फास्ट आयडल करते. दोहोंपैकी एकच मिळाले तर गाडी पेटते आणि बंद पडते, हेच त्या पहाटेच्या फजितीचे मर्म आहे.

या कार्बोरेटरचा उगम एका व्यापारी कुटुंबात झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लंडनमध्ये लिली अँड स्किनर ही जोड्यांची नामवंत पेढी होती. तिच्या मालकांपैकी स्किनर यांचा मुलगा जॉर्ज हर्बर्ट स्किनर याला मोटारींचे वेड. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने आपल्या गाडीसाठी स्वतःचा कार्बोरेटर रचला आणि पुढे त्याचे पेटंट घेतले. भाऊ थॉमस कार्लाइल स्किनर त्याला येऊन मिळाला. १९१० साली त्यांनी कंपनी स्थापन केली. 'स्किनर युनियन' या शब्दांची आद्याक्षरे म्हणजे एसयू. त्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीने वरखाली होणारा भाग म्हणजे मऊ कातड्याचा एक लहानसा भाता होता. चामड्याच्या व्यापारात वाढलेल्या माणसाला तेच सुचणार. आपल्या वाचकांना ते खटकेल, परंतु कातड्याचा भाता टिकाऊही नव्हता आणि पुढे त्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. १९२६ साली ही कंपनी विल्यम मॉरिस यांनी विकत घेतली, आणि तेव्हापासून मॉरिस, एमजी आणि नंतर त्या समूहातील इतर अनेक गाड्यांवर एसयू जणू ठरूनच गेला. भारतात बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने मॉरिसच्याच आराखड्यांवर गाड्या बांधल्या. १९५७ मध्ये आलेली अॅम्बेसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. त्यामुळे आपल्याकडील जुन्या मिस्त्रींचा हात एसयूवर बसलेला असे. ती पिढी आता ओसरत चालली आहे, आणि मालकाने स्वतः ही यंत्रणा समजून घेण्याची वेळ आली आहे ती त्यामुळेच.

रचना साधी आहे. वरच्या घुमटाकार भागात पिस्टन असतो. इंजिनाला जितकी हवा लागेल तितका तो वर उचलला जातो. त्याच्या तळाशी निमुळती होत जाणारी एक सुई असून ती खालच्या जेटच्या छिद्रात उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग छिद्रात येतो, मोकळी जागा वाढते आणि पेट्रोल अधिक मिळते. इतर कार्बोरेटरांत वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळी छिद्रे असतात. येथे एकच सुई आणि एकच जेट सर्व काम निभावतात. चोकसाठी वेगळी झडप नाही. दांडी ओढली की जेटच खाली सरकतो, सुईभोवतीची जागा वाढते आणि मिश्रण दाट होते.

खरी खुबी पुढे आहे. चोकची केबल ज्या लहान कॅमला फिरवते त्याच्या कडेवर फास्ट आयडलच्या स्क्रूचे टोक येऊन टेकते. दांडी ओढल्यावर पहिल्या टप्प्यात, साधारण पाव इंचापर्यंत, जेट जागचा हलतच नाही. फक्त कॅम फिरतो आणि थ्रॉटल किंचित उघडते. दांडी त्याहून पुढे ओढली तर मगच जेट खाली उतरू लागतो. याचा अर्थ असा की इंजिन अर्धवट तापल्यावर दांडी बहुतांश आत ढकलली, तर पेट्रोलाचा जादा पुरवठा बंद होतो, पण वाढीव रेस काही काळ शिल्लक ठेवता येते. हा अधलामधला टप्पा म्हणजे या यंत्रणेतील सर्वांत विचारपूर्वक ठेवलेली गोष्ट होय, आणि बहुतेक गाड्यांमध्ये चुकीच्या जुळणीने तोच नाहीसा झालेला असतो.

आता जुळणीविषयी. फास्ट आयडलचा स्क्रू सर्वांत शेवटी हाताळायचा असतो. आधीची कामे झाल्यावाचून त्याला हात लावणे म्हणजे मूळ नोंदी न तपासता ताळेबंद जुळवायला बसणे. प्लग स्वच्छ आहेत काय, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधील अंतर बरोबर आहे काय, टायमिंग ठीक आहे काय, टॅपेटची जुळणी झाली आहे काय हे प्रथम पाहावे. मॉरिस मायनरवरील ए मालिकेच्या इंजिनाला टॅपेटचे अंतर गार असताना बारा थाऊ, म्हणजे इंचाचे १२ सहस्रांश, ठेवावयाचे असते. एअर फिल्टर कोंदलेला असेल तर तो आधी साफ करावा. कार्बोरेटरच्या घुमटावरील टोपी उघडून आतील डॅम्परमध्ये २० ग्रेडचे पातळ ऑइल आहे ना, तेही पाहावे. आणखी एक परीक्षा अनेक जण विसरतात. थ्रॉटलचा स्पिंडल बोटांनी वरखाली हलवून पाहावा. पन्नास-साठ वर्षांच्या वापराने तो झिजलेला असेल तर तेथून जादा हवा आत शिरते आणि मग कोणताही स्क्रू कसाही फिरवला तरी रेस एका जागी ठरत नाही. अशा वेळी खर्च स्पिंडलवर आणि बुशवर करावा.

एवढे झाले की गाडी काही किलोमीटर चालवून इंजिन पुरते तापवावे. नंतरचे काम उघड्यावर करावे. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनापाशी वाकून बसणे धोक्याचे आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो आणि तो माणसाचा जीव घेऊ शकतो. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, गळ्यातील साखळी व उपरणे काढून ठेवलेले.

प्रथम फास्ट आयडलचा स्क्रू कॅमपासून स्पष्टपणे दूर होईल इतका सैल करावा. चोक पूर्ण आत ढकलून केबल तपासावी. दांडी ओढताना जेटचा दांडा हलू लागण्यापूर्वी केबलमध्ये सुमारे एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरभर ढील असली पाहिजे. केबल ताणलेली असेल तर चोक आत ढकलूनही जेट किंचित खालीच लटकत राहतो. जुन्या जेटला चिकटण्याचीही खोड असते. म्हणून खालून बोटाने तो हळूच वर दाबून पाहावा. तो दाबल्यावर वर सरकला तर दाट मिश्रणाचे आणि काळ्या प्लगचे कारण तेथेच सापडले असे समजावे. कित्येक गाड्यांची महिनोन्महिने चाललेली तक्रार एवढ्याशा स्वच्छतेने मिटते.

त्यानंतर स्लो रेसच्या स्क्रूने इंजिन शांत, सम गतीने फिरेल असे करावे. अचूक आकडा गाडीच्या मूळ पुस्तिकेत दिलेला असतो. अशा चार सिलिंडरच्या गाड्यांत तो मिनिटाला साधारण ५०० ते ८०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. मग मिश्रणाची परीक्षा. कार्बोरेटरच्या बाजूस पिस्टन उचलण्याची एक छोटी पिन असते. तिने पिस्टन अगदी थोडा, इंचाचा बत्तिसावा भाग एवढाच उचलावा. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण दाट आहे. इंजिन लगेच गळून बंद पडू लागले तर विरळ आहे. रेस क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाली तर प्रमाण योग्य. दुरुस्ती जेटखालच्या षट्कोनी नटाने करायची. नट वर घेतला की मिश्रण विरळ होते, खाली आणला की दाट होते. एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा हिस्सा फिरवावा आणि इंजिनाला स्थिर होऊ द्यावे. येथे घाई करणारा माणूस तासाभराने सुरुवातीच्याच ठिकाणी येऊन पोहोचतो. प्रमाण साधल्यावर स्लो रेस पुन्हा एकदा नीट करावी, कारण मिश्रण बदलले की रेसही थोडी बदलते.

आता फास्ट आयडल. घरातील एका माणसाने आत बसून चोकची दांडी हळूहळू ओढावी आणि दुसऱ्याने जेटकडे नजर ठेवावी. जेट हलण्याच्या अगदी बेतात आला, पण हललेला नाही, त्या ठिकाणी दांडी रोखावी. अनेक गाड्यांत दांडी थोडी पिळली की ती तेथेच अडकून राहते. या अवस्थेत फास्ट आयडलचा स्क्रू आवळत जावे. त्याचे टोक कॅमला टेकले की रेस चढू लागेल. पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत ती न्यावी. बहुतेक एसयू गाड्यांत तो मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांच्या आसपास असतो. डॅशबोर्डवर फेऱ्यांचा काटा नसेल, आणि मायनरसारख्या गाडीत तो नसतोच, तर मिस्त्रीचे आरपीएम मीटर जोडावे. कानाच्या अंदाजावर हे काम सोडू नये. कानाला मोठा आवाज नेहमी जास्त भरवशाचा वाटतो.

नंतर चोक पूर्ण आत ढकलून दोन गोष्टी पाहाव्यात. रेस आधी ठरवलेल्या स्लो रेसवर येऊन स्थिरावली पाहिजे आणि स्क्रूचे टोक व कॅम यांच्यामध्ये बारीक फट, इंचाचा सुमारे चौसष्टावा भाग, दिसली पाहिजे. ही फट नसेल तर तापलेल्या इंजिनालाही थ्रॉटल पूर्ण मिटता येत नाही, आणि मग सारा खटाटोप व्यर्थ. दोन कार्बोरेटरांच्या गाडीत हे सर्व करण्यापूर्वी दोन्हींची हवेची ओढ एकमेकांशी जुळवून घ्यावी लागते व फास्ट आयडलचे दोन्ही स्क्रू एकाच वेळी कॅमला लागतील असे ठेवावे लागतात. ते काम मात्र अनुभवी हाताकडेच द्यावे.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी पूर्ण चोकवर सुरू करावी आणि इंजिनाने सूर धरताच दांडी थोडी थोडी आत सारत जावी. गारठलेल्या इंजिनाची रेस काल तापलेल्या अवस्थेत ठरवलेल्या आकड्याहून थोडी कमीच असणार, त्याने बिचकू नये. दांडी मधल्या टप्प्यावर आणल्यावर इंजिन गळून बंद पडत असेल तर फास्ट आयडल कमी आहे. धूर काळा येत असेल आणि इंजिन घुटमळत असेल तर चोक जास्त वेळ ओढलेला आहे किंवा जेट परत येत नाही. दांडी पूर्ण आत गेल्यावर, इंजिन तापलेले असताना गाडी बंद पडत असेल, तर दोष स्लो रेस वा मिश्रणाचा आहे आणि त्यासाठी फास्ट आयडलच्या स्क्रूकडे बोट दाखवणे अन्यायाचे ठरेल.

गाडी अंगणात पंधरा-वीस मिनिटे चोकवर धडधडत ठेवून 'गरम' करण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. दाट मिश्रणातील न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा पातळ थर धुऊन टाकते व खाली ऑइलमध्येच मिसळते. त्यामुळे पिस्टनच्या रिंगा झिजतात. इंजिनाने सूर धरला की मिनिटाभरात गाडी हलक्या पायाने चालवू लागावे आणि एक-दोन किलोमीटरांत चोक पूर्ण आत गेलेला असावा. मुंबईच्या हवेत तर वर्षातील बहुतेक दिवस त्याची गरज क्षणभरापुरतीच भासते. दररोजच्या व्यवहारात यतना पाळणाऱ्या घराला विनाकारण जाळलेल्या पेट्रोलाचा हिशेब वेगळा सांगायला नको.

स्लो रेस वाढवून ठेवण्याचे दुष्परिणाम दोन ठिकाणी विशेष जाणवतात. एक वरघोड्यात. रथापुढे पावलाच्या वेगाने दोन-तीन तास चालणाऱ्या गाडीला क्लच दाबून-सोडून पुढे सरकावे लागते. स्लो रेस जास्त असेल तर गाडी माणसांच्या अंगावर जाऊ पाहते, चालक क्लचवर पाय ठेवूनच बसतो, क्लच जळतो, आणि मंद वेगामुळे रेडिएटरला वारा न मिळाल्याने पाणी उकळते ते वेगळेच. दुसरे ठिकाण पीयूसीचे केंद्र. भारत स्टेज मानकांच्या पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना स्लो रेसवर धुरातील कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत असण्याची मुभा आहे. चिकटलेला जेट किंवा ताणलेली केबल असलेली गाडी येथे हटकून नापास होते आणि दोष बिचाऱ्या इंजिनाच्या वयावर जातो. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम आणले. त्यांचा लाभ घेऊ पाहणाऱ्या घरांनी गाडी मूळ स्वरूपात ठेवणे आवश्यक आहे, आणि योग्य जुळणी केलेला मूळ कार्बोरेटर हा त्या मूळ स्वरूपाचा मोठा भाग आहे.

अलीकडे यात एक नवी भानगड शिरली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध इथेनॉलला ज्वलनासाठी सुमारे ९ भागच हवा लागते, कारण प्राणवायूचा काही अंश त्याच्या ठायी असतोच. परिणामी जुन्या सुईने आणि जुन्या जुळणीने मिळणारे मिश्रण नव्या पेट्रोलावर विरळ पडते. शिवाय इथेनॉलची वाफ होण्यास उष्णता अधिक लागते, म्हणून गारठ्यात गाडी सुरू होणे आणखी जड जाते. हे न ओळखता अनेक ठिकाणी फास्ट आयडल किंवा स्लो रेस वाढवली जाते आणि मिश्रण विरळ ते विरळच राहते. येथे जेटचा नट किंचित खाली आणून पिनची परीक्षा पुन्हा घेणे हाच मार्ग आहे. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने फुगतात व भेगाळतात. त्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल साचवून ठेवू नये.

या सर्व विवेचनात फियाटवाल्या घरांची निराशा होण्याचा संभव आहे, आणि आपल्या समाजात ती घरे थोडी नाहीत. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० व तिचीच पद्मिनी बाहेर पडली. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा मुंबईतील प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, परंतु खासगी गाड्या अजून पुष्कळ आहेत. या गाड्यांवर बहुधा सोलेक्स कार्बोरेटर असतो आणि त्याची गार इंजिन सुरू करण्याची रीत निराळी आहे. चोक ओढला की बाजूच्या घरात एक चपटी चकती फिरते आणि पेट्रोल-हवेचे तयार दाट मिश्रण थ्रॉटलच्या झडपेला वळसा घालून थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. वाढीव हवाही त्याच वाटेने येते. म्हणून तेथे फास्ट आयडलचा स्वतंत्र स्क्रू शोधण्यात अर्थ नाही. सुरू करताना एक्सिलेटरही दाबू नये. थ्रॉटल उघडले की त्या वाटेवरील ओढ कमी होते आणि मिश्रण येईनासे होते. पद्मिनी थंडीत पेटून बंद पडत असेल तर त्या चकतीमागची छिद्रे कचऱ्याने बुजली आहेत काय आणि चोकची केबल चकतीला शेवटपर्यंत फिरवते आहे काय, एवढे आधी पाहावे.